अविवाहित, अपत्ये दोन

सरकारी मराठी माणसाला घाबरवण्यासाठीच लिहितात, असं माझं मत आहे आणि ते बदलायला मी तयार नाही. साधं 'या' म्हणायचं तर 'उपस्थित राहावे'. 'येऊ नका' म्हणायचं तर आधी चार ओळी गोड बोलून मग 'तथापि'. मोखाडा तालुक्यातल्या आश्रमशाळेत मी बारावीपर्यंत शिकले, मराठीत मला कायम बरे गुण पडले. तरी अंगणवाडी सेविकेच्या जाहिरातीचा फोटो मोबाइलवर आला, तो मला तीनदा वाचावा लागला.

जागा एकच होती आणि ती आमच्या पाड्याची होती. दाभोशाला जीप सोडायची आणि नदीच्या अंगानं वर चढायचं, तिथं आमचा पाडा. जुन्या सेविकाबाई निवृत्त झाल्या होत्या, मदतनीस बाई एकटीच पोरं सांभाळत होती. उमेदवार बारावी पास पाहिजे, मी होते. वय पस्तिशीच्या आत, होतं. हयात अपत्ये दोनपेक्षा जास्त नकोत, माझी दोनच. त्याच गावची स्थानिक रहिवासी पाहिजे. आता मी इथं राहते म्हणजे रहिवासीच की! मी हरखून गेले. मग फोटोत खाली अर्जाचा नमुना दिसला. तिथं चार चौकोन होते: अविवाहित, विवाहित, विधवा, परित्यक्ता. योग्य तेथे खूण करावी.

मी देवानंदच्या घरात आठ वर्षं नांदते. सोनी दुसरीत आहे, मंगेश अंगणवाडीत जातो. पण आमचं लगीन लागलेलं नाही. बाहेरचा माणूस हे ऐकून तोंडात बोटं घालतो, आमच्यात त्यात नवल नाही. पोरगी पसंतीनं घरी येते, नांदते, पोरं होतात, आणि लगीन जमेल तेव्हा लागतं. मांडव घालायचा, सगळी सोयरीक बोलवायची, गावाला जेवू घालायचं, हे जमेपर्यंत कधी कधी पोरंच लग्नाला येतात. म्हणून कुणी कुणाला नावं ठेवत नाही. मात्र लग्नाची ती लग्नाची आणि नांदणारी ती नांदणारी, हा फरक आम्ही पक्का पाळतो. मग मी 'विवाहित'वर खूण कशी करू? आणि दोन पोरांची आई 'अविवाहित' म्हणून सरकारात कोणत्या तोंडानं जाऊ? चार चौकोन, आणि मी चौघींतली कुणीच नव्हते.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण देवदिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो. भात झोडून झालं, नाचणी कणगीत गेली, की आमचा अर्धा पाडा त्या ट्रकात बसून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातो, तो पाऊस तोंडावर आला की परततो. मागच्या वर्षी सोनी पहिलीतून उठून आमच्याबरोबर आली. सहा महिने तिनं विटा उलथल्या. शाळेत परत बसवली तेव्हा तिला स्वतःचं नाव लिहिता येईना, आणि गुरुजींसमोर तिनं हात पाठीमागं लपवले. सेविकेची जागा मिळाली तर मी आणि पोरं घरी राहणार होतो. नाही मिळाली तर ट्रक होताच.

अर्ज द्यायची मुदत देवदिवाळीच्या आतच संपत होती. सल्ला घ्यायला मी संदीपभाऊंकडे गेले. संदीपभाऊ म्हणजे देवानंदचे चुलतभाऊ, जामसरला असतात. तलाठी, वनरक्षक, पोलीस, ज्या भरतीची जाहिरात निघेल तिचा अर्ज भाऊ भरतात. लागले अजून कुठंच नाहीत, पण जाहिरात कशी वाचायची हे सांगायला आसपासच्या पाड्यांत दुसरं कुणी नाही.

त्यांनी माझ्या मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि डॉक्टर नाडी बघतो तसं एकेका ओळीवर बोट ठेवलं.

"वयनी, गोम इथं आहे," ते म्हणाले. "स्थानिक रहिवासी. तुम्ही मूळच्या मोखाड्याच्या. इथल्या कधी झाल्या? लग्न करून आल्या तर. अविवाहित लिहिलं तर ते म्हणतील, बापाच्या गावाला जा, तिथं अर्ज कर."

"आणि विवाहित लिहिलं तर?"

"तर लग्नाचा दाखला लागणार. लगीन लावा, फोटो काढा, ग्रामपंचायतीत नोंद करा, दाखला जोडा. दुसरा रस्ता नाही."

इकडे आड आणि तिकडे विहीर. आठ वर्षं जे जमलं नाही ते आठवड्यात जमवायचं होतं, तेही भात खळ्यावर असताना.

देवानंदला सांगितलं तर तो आधी हसला. "मग लावू लगीन," म्हणाला. मग कपाळाला हात लावून बसला. मलाही तेव्हाच आठवलं. त्याच्या आईबापांचंही लगीन लागलेलं नव्हतं.

फागू माझा सासरा आणि रामी माझी सासू. दोघांचे केस पिकले, दात पडले, पण मांडव काही पडला नव्हता. आणि आमच्यात रीत अशी की आईबापाचं लगीन लागल्याशिवाय पोराचं लावता येत नाही. ज्यांना स्वतःला हळद लागलेली नाही, ते पोराला काय हळद लावणार? म्हणजे आधी लगीन सासऱ्याचं, मग माझं, मग दाखला, मग अर्ज.

"माना हळद?" फागू ओरडला. "या वयात? गुरां हसतील माना!"

"गुरां नाय हसत," रामी चुलीपाशी बसून म्हणाली. "तूच हसशील त हस." ती एवढंच बोलली. पण मी पाहिलं, भाकर थापता थापता तिचा हात थांबला होता.

लगीन लावणारी आमची माघी, तिला आम्ही धवलेरी म्हणतो. ती देवांना गाऊन बोलावते तेव्हा लगीन लागतं, भटजी आमच्यात लागत नाही. माघी ऐकून घेईना. "भात खळ्यात, आणि तुमाला लगीन?" शेवटी मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, सोनीचे लपवलेले हातसुद्धा. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "लावते. पन कोनी इचारला त खरा दिवस सांगीन. न गायलेला लगीन गायला, असा माझे तोंडी नाय येयाचा."

झालं. पाड्यानं हातातली कामं टाकली. उंबराच्या फांद्या आल्या, मांडव उभा राहिला, भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहिला. मोखाड्याहून माझा बाप लाडक्या आला. मला मात्र रात्री डोळा लागत नव्हता. मुदत संपायच्या आदल्या दिवशी लगीन होतं. संदीपभाऊ म्हणाले होते, सकाळी नोंद, दुपारी अर्ज, फक्त घाबरू नका. घाबरू नका म्हणणाऱ्याचं काय जातं!

लग्नाच्या सकाळी देवानंद जव्हारला गेला. हळद, नारळ आणायचे होते, आणि अंगणवाडीच्या कार्यालयातून कोरा अर्जही आणायचा होता. तो परतला तेव्हा मी मांडवात पाटावर बसले होते, बायका मला हळद लावत होत्या. पलीकडे रामीला लावून झाली होती. फागू पिवळाधमक होऊन खांबाला टेकला होता आणि सगळ्यांना सांगत होता, "बघून घ्या, परत नाय दिसनार."

देवानंदनं माझ्या मांडीवर कागद ठेवले. "अर्ज आहा, आनी जाहिरात पन दिली त्यांनी. दोन पानां होती, दोनी आनली." त्याला वाचता येत नाही, तो पानं मोजतो.

दोन पानं? मोबाइलवर तर एकच आलं होतं.

हळदीच्या हातांनी मी दुसरं पान उलटलं. तिथं बारीक अक्षरात सूचना होत्या. मी एक ओळ वाचली, परत वाचली, मग बोट ठेवून वाचली. 'स्थानिक रहिवासी असल्याबाबत आधार कार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शिधापत्रिकेवरील पत्ता ग्राह्य धरला जाईल.' माझं आधार सोनीच्या बाळंतपणापासून इथल्या पत्त्याचं होतं. मतदान मी इथं करत होते. म्हणजे मी आधीपासून रहिवासी होते, लगीन लागो न लागो! पुढं होतं, 'विवाहानंतर नावात बदल झालेल्या उमेदवारांनीच विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे.' माझं नाव बदललंच नव्हतं. शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंत सगळीकडे कविता लाडक्या भोये.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं ऐकलं होतं. संदीपभाऊ अर्ध्या जाहिरातीनं पिवळे झाले होते, आणि खरोखरची पिवळी मी.

मला हसू येणार होतं, तेवढ्यात त्याखालची ओळ दिसली. 'अर्जातील सर्व माहिती जाहिरात प्रसिद्धीच्या दिनांकास असलेल्या वस्तुस्थितीनुसार भरावी.' आणि अर्जाच्या शेवटी, सही करायच्या जागी, 'वरील माहिती आज रोजी खरी असून ती खोटी आढळल्यास माझी निवड कोणत्याही टप्प्यावर रद्द होईल.'

जाहिरात निघाली त्या दिवशी मी बिनलग्नाची. उद्या अर्ज देताना लग्नाची. 'विवाहित' लिहिलं तर जाहिरातीच्या दिवशी खोटं. 'अविवाहित' लिहिलं तर आज रोजी खोटं. आमच्याच पाड्यातली जयश्रीही अर्ज करणार होती, रीतसर लग्नाची, दाखल्यासकट. माझा मांडव अख्ख्या पाड्यानं पाहिला असता. कुणी बोट दाखवलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? ज्या लग्नासाठी एवढी धावपळ केली तेच माझी जागा घालवणार होतं.

मी देवानंदला जवळ बोलावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "मग थांबवू?" त्यानं विचारलं.

"हळद लागल्यावर?" माघीनं ऐकलं होतं. "हळद लावून लगीन नाय लावला, असा कधी जाला नाय. देव बसलेत आत."

मला रडू यायला लागलं. मी देवानंदच्या हाताला धरून नुसती बसले. त्यात आतल्या अंगाला रामी आणि फागूचं लगीन सुरू झालं. माघी गायला लागली. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर ती दोघं पदराला गाठ मारून चौकासमोर उभी राहिली, फागूची थट्टा बंद झाली, आणि रामीनं लहान पोरीसारखे डोळे गच्च मिटले. लगीन लागलं. बायका रडल्या, मीही रडले, पण माझं रडणं निराळं होतं. आता माझी पाळी होती.

रामी गाठ सोडून सरळ माझ्यापाशी आली. तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

"काय लिवलाय त्यात?"

मी सांगितलं. आज लगीन लागलं तर जागा जाण्याची भीती आहे, असं साधं सांगितलं.

"मग नको लावू."

"रामे!" माघी म्हणाली. "हळद लागली पोरीला."

"धुवून टाकील." रामी वळली. आठ वर्षांत मी तिचा एवढा चढा आवाज ऐकला नव्हता. "मी पन बिनलगनाचीच नांदले ना? केस पिकले तवर नांदले. देवांनी काय केला माना? पन माझी सगळी पोरां भट्टीवर वाढली. येकाला पन सोताचा नाव लिवता येत नाय." देवानंद मान खाली घालून उभा होता. "हिची नाय जायाची. नोकरीची यादी लागंपर्यंत लगीन थांबंल. पाप लागंल त माना लागू दे."

माघी माझ्या लग्नाचं गाणं न धरता देवांपाशी हात जोडून काहीतरी पुटपुटली. जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेव्हा फागू पुढं झाला, "जेवान त माझे लग्नाचा आहा! बसा, बसा!" आणि माणसं बसली.

मी विहिरीवर जाऊन हळद घासली. अंगाची गेली, हातांची जाईना.

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या कार्यालयात रांग होती. जयश्री माझ्या मागंच उभी होती. टेबलावरच्या मॅडम प्रत्येक अर्ज वाचून तपासत होत्या, बरोबर कागद आहेत का बघत होत्या. माझी पाळी आली. माझे कागद त्यांनी एकावर एक लावले. "वा, सगळीकडे एकच नाव," म्हणाल्या. मग अर्ज हातात घेतला.

"अविवाहित," त्यांनी वाचलं. पेन पुढच्या रकान्यावर थांबलं. "हयात अपत्ये, दोन." त्यांनी वर पाहिलं. माझे पिवळे हात टेबलावर होते, मी ते खाली घेतले. "बाई, खूण चुकली का? दुरुस्त करून देते. आज शेवटचा दिवस आहे."

त्या भल्यासाठीच विचारत होत्या. एका क्षणाला वाटलं, हो म्हणावं, विवाहितवर खूण करावी आणि सुटावं. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग मी पिवळे हात परत टेबलावर ठेवले.

"चूक नाही, मॅडम. माझं लगीन लागलेलं नाही. पोरं माझी आहेत."

"आणि मुलांचे वडील?"

"आहेत. बाहेर उभे आहेत, पोरांना घेऊन." मग मी विचारलं, "त्यांचं नाव कुठं लिहायचं?"

मॅडमनी अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला, पान उलटून मागचंही पाहिलं. "त्याला रकाना नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

देवदिवाळी झाली, यादीचा पत्ता नव्हता. ट्रक आला. देवानंदनं आम्हाला चढू दिलं नाही. भट्टीवर जोडी लागते, मुकादमानं तोंड वाकडं करून त्याला दुसरा गडी शोधून दिला. जाताना देवानंद म्हणाला, "यादीत नाव नाय लागला त फोन कर. न्यायला येईन." ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत मंगेश हात हलवत होता आणि मी मनात देवाला विनवत होते की याला परत न्यायला यायला लावू नको.

मग माझा जीव जो टांगणीला लागला तो लागलाच. पहिली यादी लागली, तीत माझं नाव वर होतं, आणि लगेच माझ्यावर हरकत आली. दोन मुलांची आई अविवाहित लिहिते, खोटं बोलते, अशी. कुणी घेतली ते मी विचारलं नाही. चौकशीला कार्यालयाची माणसं पाड्यावर आली. मांडव त्यांना दिसला, उंबराची पानं सुकून गेली होती. लगीन कुणाचं लागलं, असं त्यांनी माघीलाच विचारलं. मी दाराआड उभी होते.

"फागूचा आनी रामीचा," माघी म्हणाली. "हिचा नाय. मी गायलेच नाय."

साहेबानं फागूकडे पाहिलं. फागू लाजला. खरं सांगते, लाजला.

शेवटची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. 'कु. कविता लाडक्या भोये.' नावापुढं कुमारी! मी तिथंच पायरीवर बसले. फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढले. देवानंदनं उचलला तेव्हा मागं विटा पडल्याचा आवाज येत होता. मी सांगितलं. कुमारीचंही सांगितलं. तो मोठ्यानं हसला, मागच्या माणसांना ओरडून सांगितलं, परत हसला.

"म्हंजे सरकारच्या कागदावर मी तुझा कोन?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं. भट्टी अर्ध्यात सोडून येता येत नाही, पाऊस लागेपर्यंत तो येणार नव्हता, आणि त्याचं नाव मी कुठंच लिहिलं नव्हतं.

पलीकडून परत विटा पडल्याचा आवाज आला.

"सोनी कुठं आहा आता?" तो म्हणाला.

"शाळेत."

"आनी मंगेश?"

"तोही. अंगणवाडीत."

"मग बेस आहा," देवानंद म्हणाला. "ठेव फोन. मुकादम बघतो."